कोल्हापूरला कधीच न गेलेलं ‘कोल्हापूर’

आधी हे कोडं सोडवा: ‘लबाड प्राण्यामागे पाणी चढलं, ग्लासगोत जन्मलं, पण पंचगंगा काही पाहिली नाही.’ उत्तर एका वाफेच्या इंजिनाचं नाव आहे.

लबाड प्राणी म्हणजे कोल्हा, पाणी चढलं म्हणजे पूर. झालं, कोल्हापूर! रेल्वेवेड्या मंडळींचा हा आवडता खेळ. एकानं आडवळणानं खूण सांगायची, बाकीच्यांनी इंजिनाचं नाव ओळखायचं. पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडली की सव्वा तास हातात असतो, त्यात अशी पाच-सहा कोडी सहज होतात. माझी पदव्युत्तर पदवी रसायनशास्त्रातली. तरीही संशोधनाला लागणाऱ्या मुलांना पुरावा म्हणजे काय हे सांगताना मी हल्ली हाच खेळ वापरते.

चांगल्या कोड्यात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक शब्दांची फोड, दुसरी वस्तूचं वर्णन. दोन्ही वाटा एकाच नावाशी भेटल्या तरच उत्तर पक्कं. अनोळखी संयुग ओळखताना आपण आयआरही घेतो आणि एनएमआरही घेतो, ते याचसाठी.

आता कोल्हापूरची दुसरी वाट तपासू. समजा, एखाद्या जुन्या यादीत तुम्हाला ‘कोल्हापूर, वाफेचं इंजिन’ एवढीच नोंद सापडली. तुम्ही काय लिहाल? मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला, संस्थानची स्वतःची रेल्वे होती, म्हणजे इंजिन तिथलंच. वाचायला अगदी पटतं, पण ते साफ चूक आहे. ५५९३ क्रमांकाचं हे इंजिन १९३४ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं बांधलं, लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी. त्या रेल्वेच्या ‘ज्युबिली’ वर्गात १९१ इंजिनं होती. त्यांना साम्राज्यातले देश, प्रांत, संस्थानं, युद्धनौका, आरमारी सेनापती अशी नावं वाटून टाकलेली. ‘बॉम्बे’ त्यात आहे, ‘बडोदा’ आहे, ‘इंदूर’, ‘ग्वाल्हेर’ही आहेत. म्हणजे नाव कोल्हापूरचं आणि आयुष्य गेलं इंग्लंडच्या रुळांवर. १९६७ मध्ये ते सेवेतून निघालं. या वर्गातली चारच इंजिनं आज शिल्लक आहेत, त्यांतलं हे एक.

ही चूक पकडायला इंग्लंडच्या दफ्तरखान्यात जायची गरजही नाही. रुळांमधलं अंतर बघा. मिरज–कोल्हापूर मार्ग तेव्हा मीटर गेजचा, म्हणजे १००० मिलिमीटर. इंजिनाची चाकं १४३५ मिलिमीटरची. आपल्या ब्रॉड गेजचं माप १६७६. ते कोल्हापूरच्या रुळांवर बसलंच नसतं आणि मुंबईच्याही नाही! एक आकडा एका देखण्या गोष्टीचा निकाल लावतो. सायन्सवाल्यांनी इतिहासात आणायची सवय कुठली असेल तर ही.

दुसरं कोडं जरा चावट आहे: ‘चांगली वेल नाही, तरी पहिल्या गाडीला जुंपलेला राजा.’ सु, लता, न. सुलतान. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी; आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात ही तीन नावं आहेत. इथे मात्र तुम्ही थांबावं असं मला वाटतं. दहा पुस्तकांत एकच गोष्ट असली म्हणजे दहा पुरावे झाले का? दहाही जणांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असेल तर तो एकच पुरावा, दहा वेळा छापलेला. एकाच नमुन्याचं वाचन दहादा घेऊन त्याला दहा नमुने म्हणण्यासारखं. म्हणून ‘नावं कोणती?’ याच्या आधी ‘हे नाव सर्वांत आधी कोणत्या सालच्या कागदात येतं?’ असं विचारा.

सालाचं महत्त्व ‘फेअरी क्वीन’वरून कळतं. इंजिन १८५५ चं, लीड्समध्ये बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं. पण हे नाव त्याला मिळालं १८९५ मध्ये. त्याआधी ते नुसतं २२ नंबर. उद्या कोणी तुम्हाला १८५७ चं म्हणून पत्र दाखवलं आणि त्यात ‘फेअरी क्वीन’ लिहिलेलं असेल, तर ते पत्र नंतरचं आहे हे तुम्ही शाई न तपासता सांगू शकता.

नावांचा घोळ उलट दिशेनंही होतो. लॉर्ड फॉकलंड हे मुंबईचे गव्हर्नर. १८५२ मध्ये भायखळ्याकडे रेल्वेच्या बांधकामावर आलेल्या इंजिनाला त्यांचं नाव होतं, आणि रस्त्यालाही. तो रस्ता आज पठ्ठे बापूराव मार्ग आहे. सूचीत ‘फॉकलंड’ शोधलंत तर माणूस, यंत्र आणि रस्ता असे तिघं एकदम हजर होतात. कोणता कोण, हे आजूबाजूची वाक्यंच सांगतील.

आमच्या पनवेलचं कोडं घालता येत नाही, याचं थोडं वाईट वाटतं. रेल्वेआधी मुंबईहून पुण्याला जाणारे होडीनं पनवेलला उतरत आणि पुढे बोरघाट चढत. लोहमार्ग मात्र कल्याण-कर्जतवरून गेला, १८६३ मध्ये घाट चढला, आणि पनवेलला गाडी दिसायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. समोरच्या माथेरानच्या डोंगरावर १९०७ पासून गाडी धावत होती, पण तिच्या चार इंजिनांची ओळख ७३८ ते ७४१ या आकड्यांनीच. आकड्यावर कोटी करायची कशी?

शेवटचं तुमच्यासाठी: ‘बॅरिस्टरचं नाव कारखान्याला, बिरुद तिथल्या पहिल्या इंजिनाला.’ साल १९५०, कारखाना बंगालमधला. उत्तर सापडलं की त्याला आधार देणारे दोन कागद शोधा, आणि दुसऱ्यानं पहिल्यावरूनच उतरवून घेतलेलं नाही ना, ते बघून मगच मला कळवा.