काळाराम मंदिर सत्याग्रह (नाशिक, १९३०–३५)

पंचवटीतील काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा. मंदिर उघडले नाही. पण धर्मात अधिकार कोणाचा आणि तो कोणी दिला, या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या भूमिका या लढ्यात जितक्या स्पष्ट झाल्या तितक्या क्वचितच झाल्या असतील.

२ मार्च १९३० रोजी सुमारे १५,००० लोकांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रियांची पहिली तुकडी चार दरवाजांपुढे बसली. स्थानिक धुरा भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्याकडे होती. ९ एप्रिलला रामाची रथयात्रा होती. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढावा असा तोडगा निघाला. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात लागण्याआधीच रथ पुढे पळवला गेला. दगडफेक झाली, खुद्द आंबेडकरांनाही इजा झाली. गाभारा राहू द्या, भर रस्त्यात एका दोराला दोघांचे हात लागणेही सनातन्यांना चालणार नव्हते.

त्यांचा आधार शास्त्र आणि वहिवाट हा होता. उच्चनीचता ही त्यांच्या लेखी अन्याय नव्हती, धर्माची घडी होती. ती मोडणाराच अधर्मी ठरत होता. सरकारला शांततेची काळजी होती आणि चालत आलेले तसेच ठेवणे म्हणजे शांतता, असा त्याचा हिशेब होता. सुधारकांना दारे उघडलेली हवी होती, पण ती सवर्णांच्या हृदयपालटातून. सत्याग्रह सुरू झाला त्याच महिन्यात, १२ मार्चला, गांधीजी दांडीला निघाले होते. त्या काळी परक्या सत्तेचा कायदा मोडायला सिद्ध झालेला एखादा माणूस गावातल्या धर्मसत्तेपुढे मान तुकवू शकत होता, आणि त्यात त्याला विसंगती जाणवेच असे नव्हते.

आंबेडकरांची भूमिका लढ्यासोबत पुढे सरकत गेली. १४ फेब्रुवारी १९३३ च्या निवेदनात त्यांनी मंदिरप्रवेशाच्या विधेयकाला पाठिंबा नाकारला. मंदिरप्रवेश ही शेवटची पायरी की पहिली, असा त्यांचा सवाल होता. चातुर्वर्ण्य तसेच ठेवून मिळणारे दर्शन त्यांना पुरेसे नव्हते. ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी गायकवाडांना कळवले, की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ काढलीच नव्हती. त्यांच्यात चेतना यावी आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा हेतू होता. तो साधल्यावर सत्याग्रहाची गरज उरली नाही. उपकार म्हणून मिळणाऱ्या समतेत देणाऱ्याचा वरचष्मा कायम राहतो, हे या बदलामागचे सूत्र मानावे लागते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

कायदा मागाहून आला. महाडच्या चवदार तळ्यावरील अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्काविषयीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली स्पृश्यांचा वहिवाटीचा दावा फेटाळला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केले, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तर कलम २५ ने हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची मुभा राज्याला दिली. दादासाहेब गायकवाड मंदिरांकडे परतले नाहीत. १९५९ आणि १९६४ साली त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. या खेपेला मागणी कसायला जमिनीची होती.