गावलेली बंदूक

सह्याद्रीच्या पायथ्याशी, जुन्या सावंतवाडी संस्थानात आमचं गाव. तिथे बंदूक ही राखणीची वस्तू. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप उतरायचा आणि एका रात्रीत कुणगाच्या कुणगा लोळवून जायचा. नारळ-पोफळीवर माकडं असायचीच. माळ्यावर डबे वाजवत, पाळीपाळीने जागत राखण चाले. ज्यांच्या घरी बंदूक असे त्यांना शेजारीही हाक मारत. आधीच्या पिढीकडे ठासणीच्या होत्या. गजाने दारू ठासायची, वर छरे भरायचे, केप बसवायची. पावसाळी हवेत दारू सादळली तर घोड्याचा नुसता टक् असा आवाज होई आणि डुक्कर पुढे निघून जाई. आमच्या आजोबांनी स्वातंत्र्यानंतर एकनळी काडतुसाची बंदूक घेतली. परवान्यावर हेतू लिहिलेला होता, शेतपिकांचे संरक्षण.

बंदुकीपेक्षा आजोबा परवान्याच्या पुस्तकाला जास्त जपत. त्यामागे एक गोष्ट होती. त्यांचे मामा मुधोळकडे घोरपड्यांच्या संस्थानात नोकरीला होते. तिथून त्यांनी हलगलीची हकिगत आणली होती, आणि आमच्या ओसरीवर ती कितीतरी वेळा सांगितली गेली. १८५७ साली सरकारने लोकांना हत्यारं जमा करायला सांगितलं. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नकार दिला. शिकार आणि शिपाईगिरी हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा, तो ते कसा देणार? नोव्हेंबरात फौज आली, गाव पेटवलं गेलं, धरलेल्या अनेकांना फाशी दिली. कानडी मुलखात त्यावर रचलेली लावणी अजून म्हणतात. पुढे १८७८ मध्ये लिटन व्हाइसरॉय असताना शस्त्रांचा कायदा आला आणि ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा ठरला. मामांच्या पिढीने या सगळ्यातून एकच गोष्ट मनात धरली: सरकारजमा झालेलं हत्यार पुन्हा घरी येत नसतं.

मला ती समजूत साधी वाटत नाही. आमच्या घरी पुढे जे झालं त्यात तिचा मोठा हात होता.

१९७७ च्या चतुर्थीला घरचे सगळे मूळघरी गणपतीला गेले होते. मागच्या पडवीची खिडकी उचकटून चोरांनी बंदूक, तांब्याचं घंगाळ आणि आजीची एक पेटी नेली. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन फिर्याद दिली. परवान्याची ती अटच आहे. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर जवळच्या ठाण्याला ताबडतोब कळवायचं, नाहीतर उद्या त्या बंदुकीने कुणाचा जीव गेला तर पहिला प्रश्न मालकाला. थोरल्या काकांनी फिर्यादीत परवाना क्रमांक, बनावट, बोअर आणि नळीवरचा नंबर, सगळं स्वतः सांगून लिहून घेतलं. घंगाळ आठवड्याभरात एका भंगारवाल्याकडे मिळालं. बंदूक मिळाली नाही. पुढे पोलिसांनी 'अ समरी' मागितली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, आणि कोर्टाने ती मंजूर केली.

मग आजोबांनी परवान्याचं नूतनीकरण सोडून दिलं. नसलेल्या बंदुकीचे पैसे सरकारात कशाला भरायचे, असा त्यांचा हिशेब. त्यात चूक काढावी असं मला वाटत नाही. कुणाच्याही घरी तेच झालं असतं. १९८० मध्ये ते वारले.

"तो गेलो नि मगे बंदूक गावली," आजी सांगायची.

१९८२ मध्ये घाटाच्या पायथ्याच्या रानात रात्री शिकारीला निघालेले काही जण धरले गेले. त्यांच्याजवळ भेकराचं मांस होतं आणि एकनळी बंदूक. दस्ता बदललेला. आजोबांनी मूळ दस्त्यावर आपली अक्षरं कोरली होती, ती गेली होती. नळीवरचा नंबर मात्र राहिला होता, अर्धा गंजलेला. काकांना हे कळलं ते बाजारात, एका ओळखीच्या पोलीस पाटलाकडून. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत एकच पडलं, आता नाद सोड. सरकारजमा झालेली वस्तू. हलगलीची गोष्ट पुन्हा एकदा सांगून झाली. काकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने, बंदूक जमा होती त्या पोलीस ठाण्याला गेले.

तिथून पुढची हकिगत काकांनी मला इतक्या बारकाव्याने सांगितली आहे की त्या मालखान्याची खोली मी पाहिली आहे असंच मला वाटतं. कौलांतून गळणारं पाणी, भिंतीला टेकवलेल्या काठ्या, कोयते, सायकली, गोणपाटात बांधलेल्या बंदुका, प्रत्येकीला सुतळीने लेबल आणि लाखेचं सील. लेबलावर मुद्देमाल क्रमांक. आमची बंदूक तिथे चोरीचा माल म्हणून आलीच नव्हती. ती आली होती दुसऱ्या ठाण्याच्या दुसऱ्या गुन्ह्यात, बेकायदा शस्त्र आणि शिकार या कलमांखाली. चोरीचा गुन्हा तर 'अ समरी'ने बंद. म्हणजे कागदावर ती शिकाऱ्यांची बंदूक होती. पंचनाम्यात नंबरमधला सात हा एक असा वाचून लिहिला होता.

इथे काकांनी जे केलं त्याला मी अक्कल म्हणतो. ते भांडले नाहीत. आधी जुन्या फिर्यादीची नक्कल काढली. मग परवान्याची नोंद शोधायला निघाले. मध्यंतरी, १ मे १९८१ ला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला होता आणि आजोबांचा परवाना जुन्या जिल्ह्याचा. तिथल्या एका वयस्कर कारकुनाने जुनी रजिस्टरं उपसून आजोबांचं पान काढून दिलं. त्या माणसाचं नाव काका आजही आदराने घेतात. आजोबांच्या परवान्याच्या पुस्तकात दुकानदाराने दर खेपेला विकलेल्या काडतुसांची नोंद केलेली होती, नूतनीकरणाचे शिक्के होते, आणि सगळीकडे नंबरात सात होता. मग पोलिसांनी पंचांसमोर रॉकेलने नळी पुसून पुन्हा पाहिलं. सातच होता. चोरीचा गुन्हा पुन्हा उघडला.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपली. "बंदूक गावली म्हणान काय ती लगेच घराक येता?" काका म्हणाले.

कारण बंदूक म्हणजे घंगाळ नव्हे. घंगाळ ओळखलं, जातमुचलका लिहून दिला आणि घरी आणलं. बंदूक मालकीची असून भागत नाही. ती ज्याच्या हातात द्यायची त्याच्याजवळ चालू परवाना हवा, नाहीतर परत देणारं कोर्टच त्याला गुन्हेगार करील. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मालकी आणि ताबा वेगळे केले आहेत. परवानाधारक मेला तरी बंदूक वारसांची मालमत्ता राहते. वारस ती परवाना असलेल्या दुकानात जमा ठेवू शकतो, विकू शकतो किंवा स्वतः परवाना काढू शकतो. पण मुदत घालून दिलेली असते. तेवढ्यात काहीच केलं नाही तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतो.

आजोबांचा परवाना संपलेला, आजोबाही नाहीत. कोर्टात सरकारी वकिलांनी म्हणणं दिलं, अर्जदाराकडे परवाना नाही, सबब ताबा देऊ नये. काकांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला तर विचारणा झाली, बंदूक कुठे आहे, तपासणीला आणा. बंदूक कोर्टाच्या सीलमध्ये. असा हा फेरा कितीतरी तारखा चालला. याला कुणा एकाचा दुष्टपणा कारण नव्हता. दोन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या नियमाने बरोबर होती, आणि मधल्या जागेत बंदूक गंजत होती.

आणखी एक भीती होती. शिकाऱ्यांना शिक्षा झाली तर बंदूकही जाणार. शस्त्र कायद्यात आणि वन्यजीव कायद्यात, दोन्हीकडे दोषी ठरवताना हत्यार सरकारजमा करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. वन्यजीव कायदा १९९१ च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला, गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं हत्यार किंवा वाहन सरकारची मालमत्ता ठरू लागलं. नुसत्या जप्तीने मालकी सरकारकडे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मधुकर राव प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण वाहनांचं होतं, पण काकांनी त्याची बातमी कापून ठेवली आहे. त्यांच्या वेळी असा आधार नव्हता. त्यांच्या वकिलांनी एक शहाणपणाचं काम केलं. निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज देऊन ठेवला, की बंदूक चोरीची आहे, मालक निर्दोष आहे, मुद्देमालाचा हुकूम करताना आमचं ऐकून घ्या.

१९८६ मध्ये निकाल लागला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी लिहिलं की बंदूक मयत परवानाधारकाच्या वारसास द्यावी, मात्र वारसाने आधी वैध परवाना हजर करावा. त्या एका वाक्याने फेरा तुटला. हुकुमाची नक्कल लावली तेव्हा परवान्याच्या टेबलावर कागद हलला. काका ताबा पावती सही करून बंदूक घेऊन आले तेव्हा आजी हयात होती. तिने नळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही आता कोणाक भियवतली?" सावंतवाडीतल्या जाणकार कारागिराने नळीत उजेड पाडून पाहिलं आणि निक्षून सांगितलं, काडतूस घालू नका. आतून नळी खड्डे पडून गेली होती. हातात सुरक्षित आलेली बंदूक राखणीसाठी मात्र संपली होती.

याचं मला अजून वाईट वाटतं. चोराने नेली तेव्हा ती तेल लावलेली, चालती बंदूक होती. चोरांच्या हाती पाच वर्षं राहून तिने भेकर मारलं, म्हणजे तेव्हाही चालत होती. ती मेली राखणदारांच्या हाती.

सर्वोच्च न्यायालयाने हेच दुखणं १ ऑक्टोबर २००२ रोजी सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात ओळखलं. गुजरातेतल्या एका ठाण्यातल्या मुद्देमालाचा अपहार झाल्याचा आरोप ठाण्यातल्याच पोलिसांवर होता, त्यातून ते प्रकरण वर गेलं. न्यायालय म्हणालं, सविस्तर पंचनामा करा, छायाचित्रं काढा, हमी घ्या आणि वस्तू मालकाला द्या. ती पोलीस ठाण्यात १५ दिवस ते एक महिना यापलीकडे ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ व्या कलमाने तर मुदतीच घातल्या आहेत. मुद्देमाल कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार करून छायाचित्रण करायचं, आणि पुढच्या ३० दिवसांत त्याची विल्हेवाट किंवा परत देण्याचा हुकूम करायचा. बंदुकीने कुणाला इजा झाली असेल तर ती प्रयोगशाळेत तपासणीला गेलीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बंदूक कुणाच्या हातात पडते याची सरकारने कसून चौकशी करावी, हेही मला पटतं. पण चौकशी माणसाची करायची असते. तेवढ्या काळात बंदुकीला तेल लावायला कुठला कायदा आड येतो?

काका आता ऐंशी पार आहेत. पंचक्रोशीत कुणाची बंदूक चोरीला गेली की माणूस आधी त्यांच्याकडे येतो. नळीवरच्या नंबराचा स्वच्छ फोटो काढून ठेव, फिर्यादीत नंबर आकडी आणि अक्षरी दोन्ही लिही, चोरी झाली तरी परवाना जिवंत ठेव, आणि बंदूक सापडल्याचं कळलं की निकालाची वाट न पाहता अर्ज दे, असं ते सांगतात. पुष्कळजण मान हलवतात आणि अर्ज मात्र देत नाहीत. सरकारजमा झालेलं परत येत नाही, ही मामांच्या वेळची समजूत अजून गेलेली नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका विधवेच्या घरची चोरलेली बंदूक सापडली. घरात परवाना काढणारं कुणी नाही. काकांनी तिच्यासाठी अर्ज लिहिला: बंदूक माझ्या ताब्यात नको, परवानाधारक दुकानात जमा करण्याचा हुकूम व्हावा, म्हणजे मला ती रीतसर विकता येईल. हुकूम झाला. दुकानदाराने नळी पाहून किंमत सांगितली तेव्हा काका तिच्यासोबत होते, आणि पहिल्या किमतीला त्यांनी हो म्हणू दिलं नाही.