एक वस्तू, दोन कामे

रघुनाथ धोंडो कर्वे यांची दोन पुस्तके एकाच वर्षी, १९२३ साली, निघाली. एक संततिनियमनावरचे, दुसरे 'गुप्तरोगांपासून बचाव'. त्याआधी दोन वर्षे, १९२१ मध्ये, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले होते. मारी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपले पहिले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. पुढे या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. हे सारे मराठी वाचकाला बऱ्यापैकी माहीत असते. दुसऱ्या पुस्तकाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

त्याचे कारण शब्दांतच आहे. 'संततिनियमन' पुढे 'कुटुंबनियोजन' झाले, लाल त्रिकोण लावून सरकारी दवाखान्यात आणि एसटी स्थानकावर पोहोचले. 'गुप्तरोग' हा शब्द रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर, हकीम-वैद्यांच्या चुन्याने रंगवलेल्या जाहिरातींत राहिला. एक शब्द जोडप्याने मिळून उच्चारायचा, दुसरा कोणी ऐकत नाही ना हे पाहून. कर्व्यांच्या लेखी हे दोन्ही विषय शेजारी शेजारी होते. 'समाजस्वास्थ्य' मासिकातही, १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, ते तसेच राहिले. देहाच्या दृष्टीने पाहिले तर ते शेजारीच आहेत. गर्भ राहण्याचा आणि रोग लागण्याचा क्षण एकच असतो.

आणि दोन्ही टाळणारी वस्तूही बरीच शतके एकच होती. गाब्रिएले फालोप्पिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने औषधात भिजवलेल्या तागाच्या कापडी आवरणाचे वर्णन केले, ते त्याच्या मृत्यूनंतर १५६४ साली छापले गेले. त्याला भीती सिफिलिसची होती, मुले होण्याची नव्हे. स्त्रीच्या गर्भनलिकांना ज्याचे नाव आहे तोच हा गृहस्थ. एकोणिसाव्या शतकात रबराला गंधकाची प्रक्रिया देऊन टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि आवरण स्वस्त झाले. तेव्हापासून त्याचे दुसरे काम पहिल्याच्या बरोबरीला आले.

पण समाजाने ही दोन कामे एका वेळी कधी मान्य केली नाहीत. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले. पुढे विसाव्या शतकात न्यायालयांच्या निकालांतून वाट निघाली, ती रोगाच्या बाजूने. 'केवळ रोगप्रतिबंधासाठी' असे डबीवर छापले की माल विकता येई. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ठाऊक असे की घरी बायको आहे आणि पाचवे मूल नको आहे. तरी डबीवर मात्र रोगच.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. १९६८ साली सरकारने स्वस्त कंडोम बाजारात आणला. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो गावोगावच्या किराणा दुकानांत गेला. पंधरा पैशांना तीन. आधी 'कामराज' हे नाव सुचले होते आणि काँग्रेसच्या कामराजांमुळे ते मागे घ्यावे लागले, असे सांगतात. मग 'निरोध' ठरले. संस्कृत, गंभीर, योगसूत्रांची आठवण करून देणारा शब्द. हा निरोध गर्भाचा होता. रोगाचे नाव कुठेच नव्हते, कारण ते घेतले असते तर दोन मुले, हसरे आईबाप हे चित्र बिघडले असते. ज्या नवऱ्याला रोगापासून बचाव हवा तो कुठून तरी आलेला असणार, आणि तो कुठून आला हे सरकारला भिंतीवर रंगवायचे नव्हते.

१९८६ मध्ये ते रंगवणे भाग पडले. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले आणि भारतात एचआयव्ही आहे हे कळले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी काढलेल्या संस्थेला वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे, नाव आहे. त्या संस्थेकडे पुन्हा यायचे आहे.

यानंतर निरोधचे दुसरे काम सरकारला आठवले. पण त्यासाठी वेगळे खाते, वेगळा निधी, वेगळे कर्मचारी. कुटुंबनियोजनाच्या बाई गावात घरोघर जात, एड्सचे कार्यकर्ते वस्तीत आणि ट्रकतळावर. मधल्या उंबरठ्याच्या आत राहणाऱ्या बाईपर्यंत दुसरे काम सांगायला कोणी गेले नाही. ती धोक्यात नाही, असे धरूनच सारे चालले होते.

हे गृहीतक पुण्यात मोडले. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ५२५ वेश्याव्यवसायातल्या होत्या, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या एचआयव्हीबाधित निघाल्या. उरलेल्या ३९१ जणी तो व्यवसाय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. त्यांच्यात हे प्रमाण १३.६ टक्के होते. धोका त्यांच्या वागण्यात नव्हता, नवऱ्याच्या वागण्यात होता. हा निबंध १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला.

आता अशा एका स्त्रीचा विचार करा, जिचे ऑपरेशन झाले आहे. भारतात कुटुंबनियोजन म्हणजे मुख्यतः हेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून होत्या, कंडोमवर ९.५ टक्के. पुरुषनसबंदी ०.३ टक्के. ज्या नलिकांना फालोप्पिओचे नाव आहे त्याच इथे बंद होतात आणि तो ज्या आवरणाविषयी लिहीत होता ते मागण्याचे बाईकडचे शेवटचे सभ्य कारणही त्यांच्याबरोबर जाते. 'दिवस राहतील' असे आता म्हणता येत नाही. उरते ते दुसरे कारण, आणि ते बोलणे म्हणजे नवऱ्यावर आरोप करणे, नाहीतर स्वतःवर ओढवून घेणे. निरोधवर दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून छापली असती तर ही कोंडी थोडी तरी सैल झाली असती, असे मला वाटते. पूर्ण सुटली नसती, कारण आवरण चढवायचे पुरुषाने.

नेमका हा मुद्दा १९९० मध्ये मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या, न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या साथरोगतज्ज्ञ झेना स्टाइन यांनी एका छोट्या लेखात मांडला. बाईच्या हातात राहील, गरज पडल्यास नवऱ्याला न सांगता वापरता येईल, असे काही हवे. त्यावेळी अशी एक गोष्ट तयार होती असेच सगळ्यांना वाटले. नॉनॉक्सिनॉल-९ हे रसायन कित्येक वर्षे गर्भनिरोधक जेल, फेस आणि स्पंज यांत वापरले जात होते. ते खरे तर साबणाच्या जातीचे, स्निग्ध पडदा फोडणारे. शुक्राणूचा पडदा फुटतो तसा प्रयोगशाळेतल्या काचेत विषाणूचाही फुटत होता. म्हणजे एका थेंबात कर्व्यांची दोन्ही पुस्तके.

बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांवर त्याची मोठी चाचणी झाली. निकाल २००० साली डरबनच्या परिषदेत डॉ. लुत व्हान डाम यांनी सांगितला. औषधी जेल वापरणाऱ्या ४४९ जणींपैकी ५९ जणींना लागण झाली होती, नुसते साधे जेल वापरणाऱ्या ४४३ पैकी ४५ जणींना. ज्या दिवसातून अनेकदा वापरत त्यांचा धोका सर्वांत वाढला होता. साबणाला शुक्राणू, विषाणू आणि बाईच्या आतली नाजूक त्वचा यांतला फरक कळत नाही. त्वचा सोलवटली आणि विषाणूला दार मोकळे झाले. बचावासाठी ज्यांना जेल दिले त्यांतल्याच काहींना त्याने आजारी पाडले. चाचणीत भाग घेणाऱ्या बायकांच्या वाट्याला जे येते ते निकालाच्या आकड्यात दोन अंक होऊन बसते.

याच सुमारास आपल्याकडे याच कल्पनेचे देशी रूप तपासले जात होते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संस्थापक डॉ. जी. पी. तलवार यांनी 'प्रनीम' तयार केले होते. त्यात कडुनिंबाचा अर्क, क्विनाइनचा क्षार आणि रिठ्यातले सॅपोनिन. गर्भही रोखायचा, जंतूही. आजीने ज्या रिठ्याने केस आणि रेशमी लुगडी धुतली त्याच्याच फेसावर ही आशा उभी होती. सॅपोनिन हाही साबणाचाच भाऊ, पण प्रनीमच्या सुरुवातीच्या चाचण्यांत चिंता वाटावी अशी इजा दिसली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने त्याची गोळी स्त्रियांना देऊन पाहिली आणि ती पटते का, हे त्यांच्या नवऱ्यांनाही विचारले. बाईने न सांगता वापरायची म्हणून जी कल्पना निघाली तिच्याबद्दल नवऱ्याचे मत घ्यावे लागले, यात संशोधकांचा दोष नाही. फेस येणारी गोळी एका खोलीच्या घरात लपत नाही. एचआयव्ही खरोखर रोखला जातो का, हे ठरवणारी मोठी चाचणी प्रनीमच्या वाट्याला आली नाही.

सेल्युलोज सल्फेटच्या वाट्याला आली. हे साबण नव्हते, शुक्राणूंना आणि विषाणूंना अडवणारे, त्वचेला सौम्य समजले जाणारे जेल होते. डरबन, कंपाला, कोटोनू यांबरोबर भारतातली दोन ठिकाणे त्यात होती. एक चेन्नई, सुनीतीबाईंची गायतोंडे संस्था. दुसरे उत्तर कर्नाटकातले बागलकोट. प्रमुख संशोधक पुन्हा व्हान डाम. जानेवारी २००७ मध्ये चाचणी अर्ध्यावर थांबवली. १३९८ स्त्रियांत जेल वापरणाऱ्या २५ जणींना आणि साधे जेल वापरणाऱ्या १६ जणींना लागण झाली होती. अंतिम हिशेबात हा फरक निर्णायक ठरला नाही, पण बचाव होत नाही हे पुरेसे स्पष्ट होते.

जुनी कल्पना इथे संपली. दोन्ही शत्रूंना एकच पदार्थ मारील तर तो आंधळा असतो, आणि आंधळा असेल तर बाईलाही लागतो. यापुढचे यश निवडक औषधांना मिळाले. टेनोफोव्हिर हे पेशीच्या आत जाऊन विषाणूची नक्कल होणे थांबवते, शुक्राणूला त्याचे काहीच सोयरसुतक नाही. २०१० मध्ये क्वारायशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्याने दक्षिण आफ्रिकेतल्या ८८९ स्त्रियांवरील चाचणीत टेनोफोव्हिर जेलने लागण ३९ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. पाच वर्षांनी तिथल्याच मोठ्या चाचणीत हा परिणाम दिसला नाही. त्यातल्या पुष्कळ मुली आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या घरात राहणाऱ्या, आणि जेल नेमाने वापरणे त्यांना जमले नव्हते. पुण्यातली एक खोली आणि जोहान्सबर्गची वस्ती यांत या बाबतीत फार अंतर नाही.

म्हणून मग महिनाभर आत राहणारी डॅपिव्हिरिनची मऊ कडी आली. तिने धोका साधारण तीस टक्क्यांनी कमी केला, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतर उपायांच्या जोडीने तिची शिफारस केली. ती गर्भ रोखत नाही. त्याच कडीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक घालून दोन्ही कामे साधायचा प्रयत्न प्राथमिक चाचण्यांपर्यंत गेला. एका वस्तूत दोन औषधे ठेवायची तर दोन्हींनी आपापल्या गतीने झिरपले पाहिजे, आणि संप्रेरकाने पाळीचे चक्र फार बिघडवू नये. अमेरिकेत २०२० मध्ये आम्लता टिकवणारे एक जेल गर्भनिरोधक म्हणून मान्य झाले. ते परमा आणि क्लॅमिडियाही रोखील अशी आशा होती. २०२२ च्या निकालात ती फोल ठरली.

दोन्ही कामे करणाऱ्या वस्तूंत कंडोमच्या शेजारी आज स्त्रियांचा कंडोम बसतो. १९८० च्या दशकात लासे हेसेल या डॅनिश डॉक्टराने तो घडवला. तो लपत नाही, आणि पुरुषापेक्षा महाग पडतो. त्याचा एक प्रकार नाशिकजवळ सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत बनतो. आत छोटा स्पंज असतो, तोच आवरण जागेवर धरून ठेवतो. २०१२ मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली आणि तेव्हापासून खोकी मुख्यतः परदेशी, विशेषतः आफ्रिकेकडे, जातात.