एंडोस्कोपीदरम्यान होणारे आंत्रछिद्र

एंडोस्कोपीदरम्यान होणारे आंत्रछिद्र म्हणजे दुर्बिणीने तपासणी किंवा उपचार करताना आतड्याच्या भिंतीला आरपार पडलेले छिद्र होय. ही विरळ पण गंभीर गुंतागुंत आहे. मोठ्या आतड्याच्या केवळ निदानासाठी केलेल्या कोलोनोस्कोपीत तिचे प्रमाण साधारणतः दर हजारी एकाहून कमी असते. पॉलिप काढणे किंवा आतड्याचा अरुंद भाग रुंदावणे अशा उपचारांत ते वाढते. विषमज्वर वा क्षय यांमुळे होणाऱ्या आंत्रछिद्राहून हे वेगळे आहे. कोलोनोस्कोपीपूर्वी आतडे रेचकाने स्वच्छ केलेले असते. त्यामुळे छिद्र तत्काळ बंद केल्यास संसर्ग टळू शकतो.

कारणे

दुर्बिणीच्या नळीचा ताण, आत सोडलेल्या वायूचा दाब आणि पॉलिप कापताना वापरलेल्या विजेची उष्णता ही तीन प्रमुख कारणे आहेत. कोलोनोस्कोपीत नळीच्या ताणाने होणारी इजा बहुधा मोठ्या आतड्याच्या नागमोडी भागात होते. उष्णतेने दुखावलेली भिंत काही तासांनी किंवा दिवसांनीही फाटू शकते.

निदान

काही छिद्रे तपासणी चालू असतानाच पडद्यावर दिसतात. नंतर तीव्र पोटदुखी, पोट फुगून कडक होणे, ताप व नाडी जलद होणे ही लक्षणे आढळतात. उदरपोकळीत निसटलेली हवा शोधण्यासाठी सीटी स्कॅन साध्या क्ष-किरण चित्रापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

उपचार

छिद्र दिसताच हवेऐवजी शरीरात लवकर शोषला जाणारा कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात व आतड्यातील द्रव शोषून घेतात. सुमारे १० मिलिमीटरपर्यंतचे छिद्र दुर्बिणीतूनच धातूच्या चिमट्यांनी, म्हणजे क्लिपांनी, बंद करता येते. त्याहून मोठ्या छिद्रासाठी दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली मोठी क्लिप वापरतात. उदरपोकळीत हवा कोंडून श्वसन व रक्ताभिसरण बिघडल्यास पोटात सुई घालून ती तातडीने बाहेर काढावी लागते. त्यानंतर रुग्णाला दाखल करून तोंडाने अन्नपाणी बंद ठेवतात, शिरेतून द्रव व प्रतिजैविके देतात आणि शल्यचिकित्सकाचा सल्ला घेतात. छिद्र बंद न झाल्यास, प्रकृती खालावल्यास किंवा पर्युदरशोथ, म्हणजे उदरपोकळीच्या अस्तराचा दाह, झाल्यास शस्त्रक्रिया करतात.

घरी परतल्यानंतर

कोलोनोस्कोपीनंतर रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. किरकोळ फुगारा वायू सरल्यावर कमी होतो. वाढत जाणारी पोटदुखी, ताप किंवा कडक पोट ही मात्र वायूची लक्षणे समजून घरगुती उपाय करीत बसणे धोक्याचे असते. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठणे आवश्यक असते. महाराष्ट्रात यासाठी १०८ क्रमांकावर शासकीय रुग्णवाहिका मागवता येते.