मर्यादा, वृत्त आणि स्मरणरंजन

व्हिडिओ गेमांच्या परीक्षणाचे मूळ शोधू गेल्यास ते वाङ्मयीन नियतकालिकांत सापडत नाही. ते सापडते विक्रीच्या सूचिपत्रात. इंग्लंडमधील लडलो ह्या लहानशा गावातून १९८४ साली निघू लागलेले 'क्रॅश' हे मासिक मुळात टपालाने खेळ विकणाऱ्या धंद्याचे सूचिपत्र होते. त्यात स्पेक्ट्रम ह्या घरगुती संगणकावरील खेळांची परीक्षणे येत आणि ती लिहिण्यासाठी गावातील शाळकरी मुलांना हाताशी धरले जाई. परीक्षणाच्या शेवटी गुणांचा तक्ता असे : संगणकाचा वापर, चित्रे, खेळण्यातील सहजता, व्यसन लावण्याची शक्ती, पैशाचा मोबदला, आणि सरतेशेवटी टक्क्यांत एकूण निकाल. जपानात १९८६ साली सुरू झालेल्या 'फामित्सू'ने चार परीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी गुण द्यावेत अशी प्रथा पाडली. चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा पहिला खेळ तेथे १९९८ साली आला. तो म्हणजे 'ओकारिना ऑफ टाइम'. पुढे २००१ साली 'मेटाक्रिटिक'ने निरनिराळ्या ठिकाणचे गुण एकत्र करून त्यांची सरासरी काढण्यास प्रारंभ केला.

ह्या तक्त्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. महिनाभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून एकच खेळ घेऊ शकणाऱ्या मुलाला 'हा घ्यावा की तो' एवढेच कळायला हवे होते, आणि तक्ता ते काम प्रामाणिकपणे करीत असे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले होते. चित्रांना स्वतंत्र रकाना मिळाला म्हणजे चित्रे ही खेळापासून सुटी काढून मोजता येणारी वस्तू ठरली. आणि यंत्रे दरवर्षी सुधारत असल्यामुळे ह्या रकान्यातील उत्तमाची व्याख्याही दरवर्षी पुढे सरकू लागली. गतसालचे सुंदर यंदा जुनाट. काव्याच्या किंवा संगीताच्या समीक्षेत असे विधान कोणी केले असते, तर त्याला कोणी गांभीर्याने घेतले नसते. येथे मात्र सुमारे दोन दशके ते विधान उच्चारण्याचीही गरज भासली नाही.

जुन्या वळणाचे स्वतंत्र खेळ ह्या गृहीतकाला कसे अडखळवून गेले, आणि त्यानंतर समीक्षेने जो नवा आधार शोधला तो कितपत भक्कम आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे.

सक्तीचे वृत्त

आरंभीच्या खेळांतील मर्यादा कोणी हौसेने पत्करलेली नव्हती. तोमोहिरो निशिकादो ह्यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये (१९७८) शत्रूंची रांग जसजशी विरळ होते तसतशी तिची चाल वाढत जाते. ह्याचे कारण इतकेच की, कमी आकृत्या काढायच्या असल्या की यंत्राचे काम लवकर उरकते. निशिकादोंनी ही गोष्ट दुरुस्त केली नाही. तशीच राहू दिली. यंत्राच्या दुबळेपणातून खेळाचा ताण जन्माला आला, आणि 'शेवटचा शत्रू सर्वांत अवघड' हा नियम पुढील कित्येक खेळांनी उचलला.

निन्टेन्डोच्या फॅमिकॉम ह्या यंत्राचा पडदा २५६ गुणिले २४० ठिपक्यांचा होता. हलत्या आकृतीच्या प्रत्येक तुकड्याला तीनच रंग मिळत, आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे मावत. नववा आला की आकृत्या लुकलुकू लागत. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. त्यातले ढग आणि झुडपे ही एकच आकृती आहे, केवळ रंग बदललेला. ह्या काटकसरीमुळे पडद्यावर निष्कारण असे काही उरतच नाही. खड्डा म्हणजे उडी, वीट म्हणजे शक्यता. आठ-आठ ठिपक्यांच्या चौकडीत दोनच रंग मावणाऱ्या स्पेक्ट्रमवर मॅथ्यू स्मिथ ह्या तरुणाने एकट्याने रचलेला 'मॅनिक मायनर' (१९८३) ह्याच जातीचा. सक्तीचे का होईना, हे वृत्तच होते. अक्षरे मोजून मिळालेली होती आणि त्यांतच बोलायचे होते.

स्मिथसारख्यांना मिळालेले स्वातंत्र्य मात्र टिकले नाही. अमेरिकेतील बाजार १९८३ साली कोसळल्यानंतर निन्टेन्डोने तेथे आपले यंत्र आणले ते कुलूप लावूनच. संमतीची चिप नसलेली कॅसेट त्यात चालत नसे, आणि परवानाधारकांनाही वर्षाला पाचच खेळ काढण्याची मुभा होती. नव्वदीच्या दशकात त्रिमिती चित्रे आली, खर्च फुगले, आणि एकट्याने खेळ रचणारा माणूस व्यवसायाच्या कडेला ढकलला गेला. स्वतंत्र खेळांसाठी निराळा महोत्सव भरवण्याची कल्पना १९९८ साली पुढे आली. वेगळा महोत्सव लागावा ह्यातच ह्या मंडळींचे मुख्य प्रवाहातील स्थान स्पष्ट होते.

निवडलेले वृत्त

डिसेंबर २००४ मध्ये दाइसुके आमाया ह्या जपानी गृहस्थाने 'पिक्सेल' ह्या टोपणनावाने 'केव्ह स्टोरी' नावाचा खेळ लोकांना फुकट देऊन टाकला. सुमारे पाच वर्षे खपून त्यांनी एकट्याने तो रचला होता. आज्ञावली त्यांची, चित्रे त्यांची, संगीत त्यांचे, कथाही त्यांची. इंग्रजी रूपांतर चाहत्यांनी केले. त्या सुमारास संगणकांची चित्रशक्ती अफाट वाढलेली होती. आमायांनी मात्र लहानसा पडदा आणि ठिपक्यांची बुटकी माणसे निवडली. एकट्या माणसाच्या आवाक्यातील पद्धत हीच होती हे खरे. तथापि 'केव्ह स्टोरी'चे देखणेपण गरिबीचे नाही. हाताच्या बोटाएवढ्या आकृतीतून दुःख व्यक्त करायचे तर ते चेहऱ्यावर दाखवता येत नाही. ती आकृती कोठे उभी आहे आणि किती वेळ थांबते ह्यांतून ते दाखवावे लागते. आमायांनी ते साधले आहे.

तक्त्याची अडचण येथे झाली. चित्रांच्या रकान्यात काय लिहावे? जुनाट म्हणून गुण कापावेत, तर खेळ डोळ्यांदेखत हृदयाला भिडत होता. न कापावेत, तर तक्त्याचा पायाच खोटा ठरत होता. ह्या पेचातून समीक्षेने एक शब्द शोधला : स्मरणरंजन. चित्रे जुनी आहेत, पण बालपणाची आठवण करून देतात. म्हणून क्षम्य, किंबहुना गोड. पुढील दहा-पंधरा वर्षांत हा शब्द इतका फोफावला की चित्रांच्या रकान्याची जागा त्यानेच घेतली असे म्हणावे लागेल.

आमचा आक्षेप ह्या शब्दाला आहे, आणि त्याची कारणे दोन.

पहिले असे की, ज्या गोष्टीची आठवण म्हणून हे खेळ वाखाणले जातात ती तशी कधी नव्हतीच. धारदार कडांचे चौकोनी ठिपके ही आजच्या सपाट पडद्यांची देणगी आहे. जुन्या पेटीवजा टीव्हीवर हे ठिपके एकमेकांत मिसळत, आणि चित्रकार ते मिसळणे जमेस धरून रंग भरीत. सेगाच्या 'सॉनिक'मधील (१९९१) धबधबे म्हणजे उभ्या रेघांची एकाआड एक मांडणी होय. जुन्या टीव्हीवर त्या रेघा एकजीव होऊन पाणी पारदर्शक दिसे. तोच धबधबा आजच्या पडद्यावर गजांसारखा दिसतो. तेव्हा चौकोनी ठिपका ही भूतकाळाची प्रतिकृती नसून आजच्या काळाने घडवलेली शैली आहे.

दुसरे कारण आपल्याकडचे आहे. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातील घराघरांत आलेली यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्या स्वस्त नकला होत्या. एकाच कॅसेटीत शेकडो खेळ असल्याची जाहिरात असे आणि उघडून पाहावे तो मोजकेच खेळ फिरून फिरून येत. आपण 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळलो. पण ते कोणी रचले, कोणत्या साली रचले, मूळ डब्यावर काय होते, ह्यांतले काहीही आपल्यापर्यंत पोहोचले नाही. परीक्षणे तर नाहीतच. अमेरिकी समीक्षक ज्या बालपणाला साद घालतो ते आपले बालपण नव्हे. आणि ज्या मुलामुलींचा जन्मच २००० नंतरचा आहे, त्यांना 'केव्ह स्टोरी' किंवा टोबी फॉक्स ह्यांचा 'अंडरटेल' (२०१५) का आवडावा? त्यांच्यापाशी ती आठवण नाही. आठवण वजा केल्यावरही खेळ उरतो, हेच स्मरणरंजनाचा सिद्धान्त अपुरा असल्याचे प्रमाण.

आठवण वजा केल्यावर

उरते ते काय, हे पाहण्यासाठी काही खेळ शेजारी शेजारी ठेवून पाहू.

कॅपकॉमने २००८ साली काढलेला 'मेगा मॅन ९' हा स्वतंत्र खेळ नव्हे, परंतु तुलनेस उपयुक्त आहे. मालिकेतील आठवा खेळ १९९६ चा. बारा वर्षांनी आलेला नववा मात्र मुद्दाम फॅमिकॉमच्या वळणाचा होता, इतका की आकृत्यांची ती जुनी लुकलुकही हवी असल्यास सुरू करता येई. येथे दोषाचीसुद्धा मूर्ती घडवून तिची पूजा मांडलेली आहे.

'शवेल नाइट' (२०१४) ह्याच्या कर्त्यांनी २०१३ साली लोकांकडे ७५ हजार डॉलर मागितले आणि त्यांना तीन लाखांहून अधिक मिळाले. हा खेळ फॅमिकॉमचा वाटतो, पण तो त्या यंत्रावर चालला नसता. पडदा रुंद आहे, पार्श्वभूमीचे थर वेगवेगळ्या गतीने सरकतात, मूळ यंत्रात नसलेले काही रंग घेतलेले आहेत, आणि लुकलुक पार काढून टाकलेली आहे. कर्त्यांनी जुन्या नियमांपैकी कोणते पाळले आणि कोणते मोडले ह्याचा जाहीर हिशेबही मांडला. वृत्त जाणणाऱ्या कवीने यतिभंग कोठे केला हे स्वतःच सांगावे, तसा हा प्रकार आहे.

डेरेक यू ह्यांचा 'स्पेलंकी' २००८ साली ठिपक्यांच्या चित्रांत, फुकट आला. २०१२ च्या आवृत्तीत ती चित्रे जाऊन गुळगुळीत रेखाटने आली. तरी खेळ तोच राहिला. गुहा दर वेळी नव्याने रचली जाते, आणि खेळणाऱ्याला लागू असलेले नियम गुहेतील बाकीच्यांनाही लागू असतात. म्हणजे 'जुने वळण' ठिपक्यांत नव्हतेच. ते नियमांच्या काटकसरीत होते.

ह्याच्या उलट टोकाला लुकस पोप ह्यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' (२०१८). ईस्ट इंडिया कंपनीचे एक बेपत्ता जहाज परत येते, आणि १८०७ साली विमा निरीक्षकाने त्यावरील ६० जणांचे काय झाले हे ठरवायचे असते. हे सारे दोनच रंगांत, जुन्या मॅकिन्टॉश संगणकाच्या धर्तीवर. मृत्यूचा क्षण गोठलेला दिसतो आणि त्याभोवती फिरून चेहरा, पोशाख, हातातील वस्तू न्याहाळावी लागते. दोन रंगांमुळे पाहणे हेच श्रमाचे काम बनते. आणि अनोळखी मृतांना नाव मिळवून देणे ह्या कथेत पाहण्याचे श्रम हाच नैतिक आशय आहे. येथे रंग वाढवले तर खेळ सुंदर होणार नाही, तो संपेल.

मराठी वाचकास ही भूमिका नवी वाटू नये. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील महानगराचा अनुभव अभंग-ओवीच्या छंदांत बांधला, तेव्हा त्यांना संतकाळाची हुरहूर लागली होती असे म्हणून आपण थांबलो नाही. तो जुना छंद नव्या आशयाशी कसा झगडतो, हे आपण विचारले. खेळांबाबतही हाच प्रश्न विचारायचा आहे : ही मर्यादा येथे कोणते काम करीत आहे? 'मेगा मॅन ९'मध्ये ती निष्ठेची खूण आहे, 'शवेल नाइट'मध्ये निवडीचा विषय, 'स्पेलंकी'त ती नियमांत मुरलेली, 'ओब्रा दिन'मध्ये तीच आशय. स्मरणरंजन ह्या एका शब्दाखाली हे चारही भेद पुसले जातात.

प्रश्न केवळ संज्ञेचा नाही. गुणांच्या सरासरीवर माणसांचा मोबदला ठरल्याचे उदाहरण नोंदलेले आहे : 'फॉलआउट : न्यू व्हेगास' (२०१०) रचणाऱ्या चमूला ८५ गुणांवर अधिक रक्कम मिळायची होती आणि खेळास ८४ मिळाले, असे त्यांच्यातील एकाने २०१२ साली जाहीर केले. एकट्यादुकट्या कर्त्याचे नुकसान याहून निराळे असते. पाच वर्षांच्या कामाला 'गोड आठवण' म्हणून पाठ थोपटली गेली की त्यातील निर्णय कोणी पाहत नाही, आणि न पाहिलेल्या निर्णयांची परंपरा बनत नाही. पुढचा कर्ता ठिपके तेवढे उचलतो. अशा ठिपक्यांच्या पोकळ खेळांचा बाजारात सुकाळ झाला, त्यात समीक्षेचाही वाटा आहे असे आमचे मत आहे.

२०१७ साली जाहीर होऊन २०२४ साली आलेला 'यूएफओ ५०' हा डेरेक यू आणि सहकाऱ्यांचा संग्रह ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ऐंशीच्या दशकातील एका कल्पित कंपनीचे पन्नास खेळ, त्यांच्या कल्पित सालांप्रमाणे लावलेले, सर्वांना मिळून ३२ रंगांची एकच पेटी. आरंभीचे खेळ ओबडधोबड, पुढचे सफाईदार. एका खेळात सुचलेली कल्पना पुढच्या एखाद्यात पिकलेली. जी कंपनी कधी नव्हतीच तिची आठवण कोणाला येणार? स्मरणरंजनाची कुबडी येथे कामास येत नाही, आणि पन्नास खेळांना मिळून एक टक्केवारी देणेही हास्यास्पद ठरते. समीक्षकाला पन्नास निर्णयमालिका वाचाव्याच लागतात.

सूचिपत्रातून निघालेली ही समीक्षा चाळीस वर्षांत येथवर आली. तिला ग्राहकाचा सल्लागार म्हणून राहायचे असेल तर तक्ता पुरेसा आहे, आणि त्या कामात कमीपणा काही नाही. परंतु कृतीचे वाचन करायचे असेल, तर चित्रे जुनी की नवी हा प्रश्न बाजूस ठेवून, कर्त्याने हे वृत्त का घेतले आणि ते त्याला कोठे अडले, येथूनच सुरुवात करावी लागेल.