बोर्डिंगातले सोबती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यातून हायस्कूलसाठी शहरात येणाऱ्या मुलाची अडचण केवळ फीची नव्हती. राहायचे कुठे, जेवायचे कोणाच्या पंगतीत, ताप आला तर उशाशी कोण बसणार, हे प्रश्न आधी सुटावे लागत. ते सुटले नाहीत तर हुशार मुलगाही गावाकडे परतण्याची भीती असे. वसतिगृहांनी या प्रश्नांना उत्तर दिले. किशोरवयीन मुलांनी एकमेकांना आधार द्यावा, ही आज नवी वाटणारी कल्पना आपल्याकडे बोर्डिंगांतून रुजली. तिथे ती टिकली याचे कारण एकत्र करायच्या कामात आहे, असे मला वाटते.

राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग 1908 चे. आपल्या समाजाच्या मुलांत नवख्या मुलाला घर सापडे, पण ते घर जातीच्या कुंपणाआतले होते. या कुंपणाचा चटका भाऊराव पाटलांना विद्यार्थिदशेतच बसला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना ते राहत असलेले जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामे मुलेच करत. ज्याच्या हातची भाकरी घरी वर्ज्य होती, त्याच्याच शेजारी बसून ती खायची होती. समतेचे शंभर धडे देऊन जे झाले नसते ते रोजच्या पंगतीने झाले. आपली भाकरी दुसऱ्याच्या श्रमावर अवलंबून आहे, हे कळल्यावर त्याचा आजार आणि त्याचे एकटेपण परके राहणे कठीण असते.

बोर्डिंगातले हे जगणे मी आरोग्यशिक्षणच मानतो. यावर आक्षेप येईल, की ही गरिबीतून आलेली व्यवस्था होती, तिला आरोग्यशिक्षण कसे म्हणायचे? स्वच्छता, आहार, श्रम आणि विश्रांती यांची शिस्त जिथे रोज पाळावी लागते, तिथे आरोग्याचे शिक्षण होतेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या बोर्डिंगांत मनाच्या दुखण्याला शब्द नव्हता, आणि कणखरपणाच्या कौतुकात घाबरलेले मूल गप्प राहण्याचा धोका होता. बहुतेक बोर्डिंगे मुलग्यांचीच होती, हेही खरे. शिवाय मुलांच्या आधाराची सारी भिस्त मुलांवर कधीच नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांचे पोट भरावे म्हणून स्वतःचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. मुलांच्या सोबतीमागे असे एक मोठे माणूस उभे होते, आणि ते वगळून या इतिहासातून धडा काढणे चुकीचे ठरेल.

बोर्डिंगांत नसलेला शब्द आजच्या योजनांनी आणला, हे त्यांचे मोठे काम. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्या मुलामुलींतूनच ‘साथिया’ निवडले जातात. आहार, पाळी, व्यसन, ताण यांवर त्यांनी मित्रमैत्रिणींशी बोलावे, अशी अपेक्षा असते. 2020 पासून शाळांत दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ नेमण्याची योजना आहे. पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या मुलाच्या हाती बहुधा फक्त माहिती असते, सोबत्यांबरोबर करायचे रोजचे काम नसते. शाळेची बाग, पोषण आहाराची पंगत, आजारी वर्गमित्राच्या घरी वही पोचवणे, अशी कामे साथियाच्या गटाकडे द्यावीत. एखाद्या मित्राच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची खूण दिसली, तर कोणत्या शिक्षकाकडे किंवा डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचे हे त्या गटाला आधीच सांगून ठेवावे. पंधरा वर्षांच्या मुलाने ते ओझे एकट्याने वाहू नये.