एकोणतीस अंकी संख्या आणि आपले कारंजा



गोम्मटसाराच्या जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या दिली आहे: ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. एकोणतीस अंक! पण घाबरू नका, ती सात गुणाकारांत येते. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, मग २५६, ६५५३६ आणि पाचवा वर्ग ४२९४९६७२९६. या पाचव्या वर्गाचा घन केला की झाले.

हाताने पोथी उतरवताना मात्र एखादा अंक सहज चुकेल. म्हणून नेमिचंद्राचार्यांनी दहाव्या शतकात अंकांऐवजी अक्षरे दिली: त म्हणजे ६, ल म्हणजे ३, न म्हणजे ०, आणि सुरुवात एककापासून. गाथा पाठ, की संख्या पाठ. शिवाय संख्या स्वतःच साक्ष देते. ती निम्मी-निम्मी करत जा, ९६ व्या वेळी बरोबर १ उरतो. एक अंक जरी चुकला, तरी हे जमणार नाही. या निम्मे करण्याला आपल्याकडे अर्धच्छेद म्हणतात. शाळेतले लॉगरिदम त्याच जातीचे.

षट्खंडागमाचे सूत्र एवढेच सांगते, की ही संख्या सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्याच्या खाली आहे. त्यावरची धवला टीका डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून छापली, तेव्हा पाठ ताडून पाहायला कारंजाच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातली हस्तलिखित प्रतही घेतली होती. वाशिम जिल्हा तेव्हा नव्हता, कारंजा अकोल्यात होते. पण पोथी इथेच जपलेली होती.